रिपोर्ट नॉर्मल, सांधे सुजलेले

‘रिपोर्ट नॉर्मल आलाय, आता गोळ्या बंद करायला हरकत नाही.’ संधिवाताच्या रुग्णांच्या घरांत हे वाक्य वर्षानुवर्षं बोललं जातं, आणि पुष्कळदा ते दवाखान्यातूनच घरी आलेलं असतं. त्याच्या जोडीचं दुसरं वाक्य असं: ‘ईएसआर पन्नासच्या वर गेलाय, वात वाढलाय, डोस वाढवावा लागेल.’ दोन्हींमागची समजूत एकच आहे. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस रक्तातून होतो, म्हणून तो किती पेटलाय हे रक्त तपासलं की कळतं. सांध्यांना हात लावायची गरज नाही. ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत रुग्णाला मनगटं आणि बोटं गमावून मोजावी लागते. म्हणूनच तिचा सविस्तर प्रतिवाद करायला हवा.

इथे संधिवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस एवढंच मला म्हणायचं आहे. उतारवयात गुडघे झिजतात तो आजार वेगळा, युरिक अ‍ॅसिड वाढून होणारा गाउट वेगळा, चिकनगुनियानंतर रेंगाळणारी सांधेदुखी वेगळी. ऱ्हुमॅटॉइडमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू शेजारचं कूर्च आणि हाड पोखरू लागतं. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकारानं घरोघर जाऊन जी पाहणी झाली, तिच्यात सुमारे अर्धा टक्का प्रौढांना हा आजार असल्याचं दिसलं. म्हणजे दोनशे माणसांत एक. त्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असतं. हाडांची झीज बहुतेकांत पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि एकदा झालेली झीज औषधानं भरून येत नाही. त्यामुळे आज आजार शांत आहे की धुमसतो आहे, या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर त्याची भरपाई होत नाही.

हे उत्तर ज्या तपासण्यांच्या भरवशावर दिलं जातं, त्या मुळात कशासाठी निघाल्या? ईएसआरची आज वापरात असलेली पद्धत स्वीडनच्या आल्फ वेस्टरग्रेन यांनी 1921 साली मांडली ती क्षयरोगाच्या संदर्भात. सीआरपीचा शोध 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना लागला तो न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. दोन्ही तपासण्या शरीरात कुठेतरी दाह आहे एवढंच सांगतात. तो मनगटात आहे, हिरडीत आहे, मूत्रमार्गात आहे की फुप्फुसात, हे सांगण्याची सोय त्यांच्यात नाही.

ईएसआर कसा मोजतात ते एकदा जवळून बघावं. दोनशे मिलिमीटरपर्यंत खुणा असलेली अरुंद नळी. तिच्यात सायट्रेट मिसळलेलं रक्त भरायचं, नळी स्टँडला सरळ उभी ठेवायची आणि तासाभरानं पाहायचं की लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या. दाह असला की यकृत फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन जास्त बनवतं, त्यामुळे पेशी एकावर एक रचल्या जाऊन त्यांची चळत होते आणि ती लवकर तळाला जाते. तत्त्व एवढंच. पण नळी जराशी कलली तरी पेशी भराभर उतरतात. खोलीतलं तापमान वाढलं की आकडा वाढतो. कलेक्शन सेंटरवर सकाळी घेतलेलं रक्त दुपारी शहरातल्या लॅबमध्ये पोचलं तर आकडा बदलतो. शिवाय रक्तात लाल पेशीच कमी असल्या, म्हणजे अ‍ॅनिमिया असला, तर त्या मुळातच लवकर बसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना अ‍ॅनिमिया आहे. संधिवात प्रामुख्यानं बायकांचा, अ‍ॅनिमियाही बायकांचा, आणि आपण संधिवात मोजायला निवडलेला आकडा अ‍ॅनिमियानं चढणारा. केवळ हिमोग्लोबिन नऊ आहे म्हणून ईएसआर चाळीस आलेल्या किती जणींच्या स्टेरॉइडच्या गोळ्या वाढल्या असतील, याचा विचार करावा.

वयाचाही परिणाम असतो. ईएसआर वयाबरोबर वाढतो आणि त्याचा ढोबळ हिशेब वैद्यकाला चांगला ठाऊक आहे: पुरुषांत वयाच्या निम्मा, बायकांत वयात दहा मिळवून त्याच्या निम्मा. म्हणजे साठीच्या बाईला पस्तीसपर्यंतचा ईएसआर स्वाभाविक. पण लॅबच्या कागदावर सरसकट ‘0 ते 20’ छापलेलं असतं आणि पस्तीसचा आकडा ठळक अक्षरांत, बाजूला बाण काढून येतो. तो बाण पाहून त्या बाईची झोप उडते. तिच्या सांध्यांत काहीही बदललेलं नसतं.

सीआरपी ही त्यामानानं चांगली तपासणी आहे, हे मान्य करायला हवं. वय आणि अ‍ॅनिमिया यांचा तिच्यावर तसा परिणाम होत नाही. दाह सुरू झाला की काही तासांत ती वाढते, शमला की दोन-चार दिवसांत उतरते. तरीही सर्दी-खोकला, दाताचा गळू, लघवीतला जंतुसंसर्ग, लठ्ठपणा यांपैकी कशानंही ती चढते. त्यात एककांचा घोळ. एक लॅब सीआरपी दर लिटरला किती मिलिग्रॅम ते छापते, दुसरी दर डेसिलिटरला. दोन्हींत दहापटीचा फरक. मागच्या महिन्यात ‘1.2’ आणि या महिन्यात ‘12’ पाहून घर हादरतं, आणि दोन्ही आकडे एकच असतात.

पण या सगळ्यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळीच आहे. आकडा उगाच चढतो यापेक्षा, चढायला हवा तेव्हा तो चढतच नाही, हा धोका मोठा आहे. फिनलंड आणि अमेरिकेतल्या ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांचा 1980 ते 2004 या काळातला तपशील तपासून तूलिक्की सोक्का आणि थिओडोर पिंकस यांनी 2009 साली दाखवून दिलं की रुग्ण पहिल्यांदा दवाखान्यात आला तेव्हाच 35 ते 45 टक्के जणांचा ईएसआर, सीआरपी किंवा आरए फॅक्टर नॉर्मल होता. आजार नुकताच पेटलेला, औषध सुरू व्हायचं आहे, म्हणजे आकडे सर्वांत जास्त असायला हवेत त्या क्षणाची ही गोष्ट. ज्या रुग्णाचा सीआरपी आजार भरात असतानाही तीन होता, तो औषध घेतल्यावर तीन आला तर त्यातून काय कळलं? काहीच नाही. तरी त्याच तीनच्या आधारे ‘आजार आटोक्यात आहे’ असं केसपेपरवर लिहिलं जातं.

इथून एक साधा नियम निघतो आणि तो प्रत्येक रुग्णानं लक्षात ठेवावा. तुमची मनगटं आणि बोटं खरोखर सुजलेली होती त्या दिवसांतला सीआरपी शोधून काढा. तो तेव्हा वाढलेला असेल तर तुमच्या बाबतीत ही तपासणी बोलकी आहे. पुढेही ती उपयोगी पडेल. तो तेव्हा नॉर्मल असेल तर तुमच्या बाबतीत ती मुकी आहे, आणि पुढे ती कितीही वेळा नॉर्मल आली तरी तिच्यावर निर्धास्त होऊ नका.

आता आरए फॅक्टरबद्दल. या तपासणीनं आपल्याकडे जेवढा गोंधळ घातला तेवढा दुसऱ्या कुठल्या तपासणीनं क्वचितच घातला असेल. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी ही प्रतिपिंडं निदानाला मदत करतात. आजार कितपत आक्रमक राहील याचाही अंदाज देतात. पण आज आजार किती सक्रिय आहे हे ती सांगत नाहीत. नेदरलँड्समधल्या रक्तदात्यांच्या साठवलेल्या नमुन्यांत ही प्रतिपिंडं सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून सापडली आहेत. उलट औषधानं सगळे सांधे शांत झाल्यावरही ती अनेकांच्या रक्तात राहतात. निरोगी माणसांतही साधारण वीसात एकाला आरए फॅक्टर असतो. वय वाढलं की, हिपॅटायटिस सी किंवा क्षयरोग असला की, किंवा चिकनगुनियासारखा ताप येऊन गेला की तो पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणजे निदान एकदा पक्कं झाल्यावर दर तीन महिन्यांनी आरए फॅक्टर करून ‘ऐंशीचा साठ झाला’ म्हणून समाधान मानण्यात काही अर्थ नाही. तरी ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ नावाच्या पॅकेजांत तो हमखास असतो आणि त्याच्या शेजारी एएसओ टायटर आणि युरिक अ‍ॅसिडही. एएसओ सांगतो घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गाबद्दल, युरिक अ‍ॅसिड सांगतं गाउटबद्दल. ऱ्हुमॅटॉइड आटोक्यात आहे का, या प्रश्नाशी दोन्हींचा संबंध नाही. रुग्णानं महिन्याच्या खर्चातून काढलेले पैसे या कागदावर जातात आणि त्या बदल्यात त्याला एक चुकीचं उत्तर मिळतं.

काही औषधं तर आकडाच बदलून टाकतात. यकृताला सीआरपी बनवायला सांगणारा मुख्य संदेश इंटरल्यूकिन-6 हा रेणू देतो. टोसिलिझुमॅब हे इंजेक्शन तोच संदेश अडवतं. परिणाम असा की काही आठवड्यांतच सीआरपी जवळजवळ शून्यावर येतो आणि ईएसआर एकेरी आकड्यावर. सांधे तेवढे सुधारलेले असोत वा नसोत. टोफासिटिनिबसारख्या गोळ्यांनीही सीआरपी खाली जातो. अशा रुग्णाचा ‘उत्तम’ रिपोर्ट फसवा असतो, इतका की अंगात जंतुसंसर्ग झाला तरी सीआरपी हवा तसा चढत नाही आणि संसर्ग उशिरा ध्यानात येतो. स्टेरॉइडही आकडा आणि दुखणं दोन्ही झाकतं. गावोगाव विकल्या जाणाऱ्या वाताच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याची उदाहरणं वारंवार पुढे आली आहेत. त्या पुडीनं ईएसआर उतरतो, ‘पुडीनं गुण आला’ असा बोभाटा होतो, आणि आत हाड पोखरलं जाणं सुरूच राहतं.

या टीकेवर पहिला आक्षेप ठरलेला आहे: रक्ताचा आकडा वस्तुनिष्ठ असतो, रुग्णाचं दुखणं आणि डॉक्टरचा हात हे व्यक्तिनिष्ठ. हा आक्षेप वजनदार आहे, त्याला झटकून टाकता येणार नाही. दोन डॉक्टरांची सांध्यांची मोजणी तंतोतंत जुळत नाही हे खरं. फायब्रोमायाल्जियाही सोबत असलेल्या रुग्णाला पंधरा सांधे दाबल्यावर दुखतात, सूज मात्र एकाही सांध्याला नसते. अशा वेळी केवळ दुखणाऱ्या सांध्यांची बेरीज करून औषध वाढवलं तर तेही चुकेल. पण यातून निष्कर्ष निघतो तो सूज नीट तपासण्याचा. सांध्यांना हातच न लावण्याचा नव्हे. ऱ्हुमॅटॉइडची सूज हाताला कळते. डॉक्टर दोन्ही अंगठे आणि तर्जन्या सांध्याच्या चारही बाजूंना ठेवतो, एका बाजूनं दाबतो आणि दुसऱ्या बाजूला काहीतरी मऊसर, लिबलिबीत उचलल्यासारखं लागतं का ते पाहतो. दुखरेपणा तपासताना अंगठ्यानं एवढाच दाब द्यायचा की डॉक्टरच्या नखाखालचा गुलाबी रंग पांढरा व्हावा. याला पद्धत आहे, ती शिकवता येते, शिकता येते. दोन खांदे, दोन कोपर, दोन मनगटं, दोन गुडघे, आणि हातांच्या बोटांचे वीस सांधे: एकूण अठ्ठावीस. सरावलेल्या हाताला त्याला चार-पाच मिनिटं लागतात.

आकडा वस्तुनिष्ठ असतो हे मान्य. पण वस्तुनिष्ठ असणं आणि प्रश्नाला लागू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुग्णाची उंचीही वस्तुनिष्ठ असते. तिच्यावरून संधिवात कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जाणकार मंडळींकडून येतो. ते म्हणतात, जगभर मान्यता असलेल्या डीएएस-28 या मापातच ईएसआर किंवा सीआरपी आहे, मग तुम्ही रक्ताला कमी का लेखता? या मापाचा हिशेब उघडून पाहू. दुखऱ्या सांध्यांच्या संख्येचं वर्गमूळ गुणिले 0.56, सुजलेल्या सांध्यांच्या संख्येचं वर्गमूळ गुणिले 0.28, ईएसआरचा नैसर्गिक लॉगरिदम गुणिले 0.70, आणि रुग्णानं शंभरपैकी स्वतःच्या प्रकृतीला दिलेला आकडा गुणिले 0.014. या चारांची बेरीज 2.6 पेक्षा कमी आली की आजार शांत समजतात. आता समजा एका बाईचे चार सांधे सुजलेले आहेत, दाबल्यावर दुखत नाहीत, ती स्वतःला शंभरपैकी फक्त दहा त्रास देते, आणि तिचा ईएसआर पाच आहे. बेरीज येते 1.83. चार सांधे डोळ्यांदेखत सुजलेले आणि माप म्हणतं, आजार शांत. उलट दुसरीचा एकही सांधा दुखत नाही, सुजलेला नाही, त्रास शून्य, पण ईएसआर पन्नास. तिची बेरीज 2.74. माप म्हणतं, अजून शांत नाही. दोन्हीकडे निकाल फिरवला तो ईएसआरनं. शिवाय या अठ्ठावीसांत घोटे आणि पावलं नाहीत, आणि ऱ्हुमॅटॉइड पुष्कळदा पावलांच्या चवड्यांपासूनच सुरू होतो. डीएएस-28 निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. बेरजेच्या आत काय दडलंय ते न पाहता केवळ बेरीज वाचणं धोक्याचं आहे, एवढाच अर्थ.

आणि रक्ताशिवाय मोजता येत नाही हा दावा तर वस्तुस्थितीला धरून नाहीच. सीडीएआय नावाचं माप आहे, 2005 साली व्हिएन्नाच्या डॅनियल आलेताहा आणि योझेफ स्मोलेन यांनी पुढे आणलेलं. त्यात रक्त नाही. दुखरे सांधे अधिक सुजलेले सांधे अधिक रुग्णानं दहापैकी दिलेला आकडा अधिक डॉक्टरनं दहापैकी दिलेला आकडा. झालं. 2.8 पर्यंत आजार शांत, 10 पर्यंत सौम्य, 22 पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. उदाहरणार्थ तीन सांधे दुखरे, दोन सुजलेले, रुग्णाचे चार, डॉक्टरचे तीन: बेरीज बारा. आजार मध्यम आहे, औषधाचा पुन्हा विचार हवा, हे तिथल्या तिथे, केसपेपरच्या कोपऱ्यात पेननं बेरीज करून कळतं. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीनं 2019 साली आजाराची सक्रियता मोजण्यासाठी ज्या पाच मापांची शिफारस केली, त्यांपैकी तिघांना रक्ताची तपासणी लागतच नाही.

अशा मोजणीनं रुग्णाचं भलं होतं का? होतं, आणि त्याचा भक्कम पुरावा आहे. ग्लासगोमध्ये झालेला ‘टिकोरा’ अभ्यास 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. औषधं दोन्ही गटांना साधारण तीच उपलब्ध. फरक असा की एका गटाला दर महिन्याला बोलावून सांधे मोजले, ठरलेल्या मापानं गुण काढले, सुजलेल्या सांध्यांत इंजेक्शन दिलं आणि ठरलेल्या पायऱ्यांनी औषध वाढवत नेलं. दुसऱ्या गटाचे नेहमीप्रमाणे तीन महिन्यांनी उपचार झाले, मोजमाप न करता. दीड वर्षानंतर पहिल्या गटात 65 टक्के रुग्णांचा आजार शांत झालेला होता; दुसऱ्या गटात 16 टक्क्यांचा. त्या मापात ईएसआरही होता, हे मी लपवत नाही. पण तो चार घटकांपैकी एक होता आणि सांध्यांवर हात ठेवूनच पुढचा निर्णय होत होता. रक्ताचं हेच योग्य स्थान आहे: चौघांतला एक साक्षीदार. त्याला एकट्याला न्यायाधीश करणं मला मान्य नाही.

तिसरा आक्षेप ओपीडीतला आहे आणि तो कळवळ्यानं केला जातो: एवढी गर्दी, एका रुग्णाला पाच मिनिटं कुठून आणायची? शिवाय संधिवाततज्ज्ञ मोठ्या शहरांत. तालुक्याचा रुग्ण दर महिन्याला मजुरी बुडवून पुण्या-मुंबईला कसा येणार? त्यापेक्षा तो गावात रक्त देतो, व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट पाठवतो, औषध फोनवर सांगता येतं. अडचण खरी आहे. पण तिच्यावरचा हा उपाय खोटा आहे, कारण न पाहिलेल्या सांध्यांबद्दल तो पाहिल्यासारखा निर्णय घेतो. खरे उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. तालुक्याच्या डॉक्टरला अठ्ठावीस सांधे मोजायला शिकवता येतं. मोठ्या दवाखान्यांत परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट ही मोजणी करून रुग्णाला आत पाठवू शकतात. आणि रुग्णाला काय सांगायचं ते शिकवलं, तर फोनवरच्या सल्ल्यालाही थोडा आधार मिळतो.

कारण आजार धुमसतोय हे घरात आधी दिसतं. सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ आखडलेली राहतात? अर्धा तास की दोन तास? भाकरी थापताना मनगट साथ देतं का? ब्लाउजची हुकं लावता येतात का? नळाची तोटी पिळता येते का, डब्याचं झाकण उघडतं का? मागच्या महिन्यात सहज निघणाऱ्या बांगड्या आता हाताच्या फुगवट्यावर अडकतात का? सकाळी पहिलं पाऊल टाकताना चवड्याखाली खडे असल्यासारखं वाटतं का? या प्रश्नांना ज्यांचं उत्तर ‘हो, त्रास वाढलाय’ असं आहे, त्यांचा सीआरपी काहीही असो, त्यांना डॉक्टरनं हात लावून तपासलंच पाहिजे. रुग्णाच्या अशा सांगण्याला ‘पण रिपोर्ट तर चांगला आहे’ म्हणून गप्प करणं हा अन्याय आहे. त्यातही बाई सांगत असेल तर हा अन्याय जास्त वेळा होतो. घरात तिला ‘कामाचा कंटाळा’ ऐकावा लागतो आणि दवाखान्यात ‘टेन्शन घेऊ नका’. आणि दोन्ही ठिकाणी पुरावा म्हणून तोच नॉर्मल रिपोर्ट पुढे केला जातो.

उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे, आपल्या देशात तर विशेष. सांधे शांत आहेत, पण ईएसआर ऐंशी आणि सीआरपी चढलेला. अशा वेळी ‘वात वाढला’ म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध वाढवणं म्हणजे कदाचित क्षयरोगाला मोकळं रान देणं. ज्या तपासणीची आजची पद्धत क्षयरोगाच्या अभ्यासातून आली, तिचा चढलेला आकडा क्षयरोगाच्या देशात पाहताना तरी क्षयरोग आठवायला हवा. खोकला, वजन घटणं, संध्याकाळचा बारीक ताप, लघवीची जळजळ, दातदुखी यांची विचारपूस आधी, औषधाचा डोस नंतर.

इतकं वाचून कोणी म्हणेल, मग रक्त तपासायचंच सोडून देऊ. नाही, मुळीच नाही. हा गैरसमज मी अगदी स्पष्टपणे खोडून काढतो, कारण त्यानं जीव जाऊ शकतो. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याला रक्तपेशींची मोजणी, यकृताची एसजीपीटी आणि मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन ठरावीक काळानं तपासावंच लागतं. सुरुवातीला काही आठवड्यांनी, पुढे दोन-तीन महिन्यांनी. लेफ्लुनोमाइड आणि सल्फासॅलाझिनलाही अशाच तपासण्या लागतात. या तपासण्या आजार मोजत नाहीत, औषध शरीराला सोसतंय का ते पाहतात. त्या एकदाही चुकवू नयेत. गंमत म्हणजे नव्हे, दुःखाची गोष्ट म्हणजे, पैसे वाचवायचे म्हणून अनेक घरांत नेमक्या याच तपासण्या टाळल्या जातात आणि आरए फॅक्टर मात्र आवर्जून केला जातो. पैसे कमी असतील तर आरए फॅक्टर सोडा, एएसओ सोडा. रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या ठेवा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत.

सीआरपी आणि ईएसआरही ठेवा, पण त्यांच्या जागी. आजाराच्या सुरुवातीला करा, म्हणजे तुमच्या बाबतीत ते बोलके आहेत की मुके ते कळेल. चढलेला सीआरपी महिनोन्महिने चढलेलाच राहत असेल तर सांधे फारसे दुखत नसले तरी दुर्लक्ष करू नका. सतत चढलेला सीआरपी असलेल्यांत हाडांची झीज जास्त होते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. आकडा आणि सांधे एकमेकांशी जुळत नसतील, तर कोण खरं बोलतंय ते शोधणं हे डॉक्टरचं काम आहे. गरज पडली तर सोनोग्राफीनं अस्तराची सूज पाहता येते. पण तिलाही नवा आकडा म्हणून डोक्यावर घेऊ नये. दर वेळी सोनोग्राफी करून औषध ठरवल्यानं, सांधे नीट तपासून ठरवण्यापेक्षा फारसं जास्त साधत नाही, असं स्कॉटलंड आणि नॉर्वेतल्या अभ्यासांत दिसलं. यंत्र बदलून प्रश्न सुटत नाही. हात लावावाच लागतो.

म्हणून रुग्णांना माझं सांगणं असं. पुढच्या वेळी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून औषध लिहायला घेतलं, तर नम्रपणे पण ठामपणे म्हणा: ‘डॉक्टर, आधी सांधे बघा. किती सुजलेत ते फाइलवर लिहा.’ तो आकडा मागच्या खेपेच्या आकड्याशी ताडून पाहा. पावलं दुखत असतील तर चपला काढून पावलं दाखवा, कारण अठ्ठावीसांत ती मोजली जाणार नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून स्वतःहून एकही गोळी बंद करू नका आणि रिपोर्ट चढला म्हणून स्वतःहून स्टेरॉइड वाढवू नका. डॉक्टरांना सांगणं एवढंच, की ही चार-पाच मिनिटं तुमच्या शिक्षणातलीच आहेत आणि ती कुठल्याही लॅबला विकत देता येत नाहीत. सांधे न तपासता, केवळ रक्ताच्या रिपोर्टवर ऱ्हुमॅटॉइडचं औषध वाढवणं, कमी करणं किंवा बंद करणं ही उपचारातली चूक आहे. कितीही दवाखान्यांत ती रोज होत असली, तरी ती चूकच आहे.